गच्चीवरची मंडळी

गेटच्या आत माझे दीर वसंतराव उभे होते, गेटच्या बाहेर ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू, पाळक भोरे, आणि मी अंगणात तुळशीपाशी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, तोंड मिटून.

"अहो, लग्न आहे आज इथं," भाऊजी दबक्या आवाजात म्हणत होते. "वऱ्हाड झोपलंय आत. निरोप पाठवला होता मी तुम्हाला."

"मला न्हाई मिळाला, वसंतराव."

"आता नाही मिळाला त्याला मी काय करू?"

उजाडायला अजून अवकाश होता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे चंद्र पश्चिमेला बराच वर होता आणि गेटच्या गजांच्या सावल्या भाऊजींच्या बनियनवर पडल्या होत्या. भोऱ्यांच्या मागे रस्त्यावर त्यांची सगळी माणसं उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका, धुवट सदऱ्यातले पुरुष, खांद्यावर झोपलेली पोरं. प्रत्येकाच्या हातात कागदाच्या द्रोणात रोवलेली मेणबत्ती होती, पण एकही पेटलेली नव्हती. सगळ्यांत मागे पांढऱ्या मोटारीला टेकून एक उंच वृद्ध गृहस्थ उभे होते. कोट, टाय, पायात नाडीचे बूट.

भोरे मागे वळले आणि म्हणाले, "कुणी बोलू नका. पोरांना थोपटा. आत पाव्हणं झोपल्यात."

आणि इतकी माणसं, पण खरंच कुणी बोललं नाही.

"ते मागं कोण?" भाऊजींनी विचारलं.

"समुद्रेसाहेब. आमच्या मोठ्या मंडळीचे मुख्य पाळक. आज आम्हास्नी मंडळी म्हणून मान्यता द्यायला आल्यात." भोऱ्यांचा आवाज एकदम खाली गेला. "जागा पक्की असली तर."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग भोऱ्यांना म्हणाले, "वहिनींना माहीत आहे सगळं. त्यांची संमती आहे."

मी तोंड उघडू शकत नव्हते.

हे झालं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कोल्हापुरात आमचं 'शुभदा मंगल कार्यालय' होतं. पुढे मोठा हॉल, बाजूला पंगतीची जागा, आणि मागच्या अंगाला माझं छोटंसं घर. यजमान गेल्यावर पुढचं सगळं भाऊजी बघायचे. कोठी, भांडी, पाणी आणि तुळस एवढं माझ्याकडे. आणि सासूबाईंनी जाताना माझ्या पदरात घातलेलं एक व्रत. सकाळी उठल्यापासून सूर्य दिसून त्याला अर्घ्य देईपर्यंत मौन. सणवार असो, आजारपण असो, हे चुकलं नव्हतं. भाऊजींनी त्याची गावभर कीर्ती केली होती. कार्यालय बघायला आलेल्या प्रत्येक वधूपित्याला ते सांगायचे, "आमच्या वहिनींचं मौन आहे. इथं लागलेल्या लग्नात कधी विघ्न आलं नाही." मला संकोच वाटायचा. पण लोक माझ्याकडे बघून हात जोडायचे, आणि मी सकाळी असले तर नाही म्हणायलाही तोंड उघडता यायचं नाही.

भोरे पहिल्यांदा आले ते पौष महिन्यात, कार्यालय ओस पडलेलं असताना. सायकल भिंतीला लावली, पायातल्या चपला पायरीच्या खूप अलीकडेच काढल्या आणि हॉलच्या दारात उभे राहिले. पन्हाळ्याकडच्या खेड्यांतून कामधंद्यासाठी शहरात आलेली त्यांची ख्रिस्ती कुटुंबं होती. जुनं मोठं चर्च शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हाताऱ्यांना तिथवर जाववत नव्हतं. म्हणून त्यांनी आपली वेगळी मंडळी, म्हणजे स्वतःचं छोटं चर्च, सुरू करायची ठरवली होती. आधी एका शाळेच्या वर्गात बसले, तिथून उठवलं. मग एका गॅरेजमध्ये बसले, तिथे मालकाला ट्रक ठेवायचा होता.

"पण आमच्याकडे रविवारी मुहूर्त असतात," भाऊजी म्हणाले.

"ज्या रविवारी तुमच्याकडं मुहूर्त न्हाई, तो आमचा मुहूर्त," भोरे हसून म्हणाले. "आम्हाला पंचांग लागत न्हाई. मोकळी सतरंजी दिसली की बसलो."

भाऊजींनी अटी घातल्या. इथे मांसाहार शिजणार नाही. हॉलमध्ये पायताण चालणार नाही. समोरच्या कोनाड्यातला गणपती हलणार नाही.

"बाप्पा बाप्पांच्या जागी," भोरे म्हणाले. "आम्ही खिडकीकडं तोंड करून बसू. आणि मटणाचं म्हणाल तर, कोल्हापूरच्या माणसाला आइतवारी दुपारपर्यंत बिनमटणाचं बसवायचं, ह्यालाच आम्ही उपास म्हणतो."

त्या दिवशी भाऊजीसुद्धा हसले.

तसं ते येऊ लागले. गंमत अशी झाली की पंचांग न लागणाऱ्या त्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त पंचांग पाठ झालं. कुठल्या महिन्यात मुहूर्त दाट, कुठला महिना मोकळा, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्यात मार्थाबाई म्हणून एक म्हातारी होती. काष्टी लुगडं, एक दात पुढे आलेला, बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. ती मला म्हणायची, "वैनी, तुमचा चातुर्मास येऊ द्या, मग आमची चंगळ बगा. देव झोपला तुमचा, की जागा मिळंल आमास्नी."

ती सगळ्यांच्या आधी यायची आणि हॉल झाडायची. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता सतरंजीच्या घडीत, फरशीच्या सांध्यात अडकलेल्या असायच्या. त्या ती वेचून पदरात घ्यायची आणि अंगणात चिमण्यांना टाकायची.

"केरसुणीनं निघतात की," मी एकदा म्हटलं. तेव्हा उन्हं वर आली होती, माझं मौन सुटलेलं होतं.

"निगत न्हाईत ओ, म्हणून तर! गुडघं टेकलं की टोचत्यात. पाळक म्हणतोय 'डोळं मिटा', आन् म्या बसलीया गुडघा खाजवत. देवाला वाटायचं, म्हातारी नाचाय लागली."

मग दोन्ही हात कमरेवर ठेवून ती माझ्या तुळशीकडे बघत राहिली.

"सक्काळी तुमी बोलत का न्हाई?"

"व्रत आहे."

"आन् कुणी दारात आलं तर?"

"मान हलवते."

"बरं हाय," ती म्हणाली. "माझ्या सुनंला द्या की ह्ये व्रत."

त्यानंतर चैत्र आला. भोऱ्यांनी भाऊजींना आधीच सांगून ठेवलं होतं, "वर्षातले दोनच दिवस आम्हास्नी पक्के पाहिजेत. नाताळ, आणि प्रभू मेलेल्यातून उठला तो रविवार. त्याची तारीख दर वर्षी हलती, जवळ आल्यावर सांगतो." भाऊजींनी मान डोलावली होती. एका रविवारी सकाळी बघते तर ही मंडळी हातात माडाच्या झावळ्या घेऊन वाजत गाजत आली. पेटी, टाळ, ढोलकी, पोरं पुढे नाचतायत, बायका गातायत. अंगणात फेरी घालून हॉलमध्ये गेली. भाऊजी कौतुकाने बघत उभे होते.

"मोठा सण दिसतोय यांचा," ते म्हणाले.

मी मौनात होते. भोरे जाताजाता माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "वैनी, पुढच्या रविवारी पहाटेच येतो हं आम्ही. तो खरा मोठा दिवस. हे नुसतं प्रभू शहरात आला त्याचं." मी मान हलवली. भाऊजी तोवर आत गेले होते.

दुसऱ्याच दिवशी पहाटे ते लगबगीने तुळशीपाशी आले. "वहिनी, आप्पासाहेब मगदूम आलेत. त्यांचं ठरलेलं कार्यालय भाऊबंदांच्या वादात बंद पडलंय. पत्रिका वाटून झाल्यात. पुढचा रविवार देतोय आपण, चालेल ना?"

मी हात वर केला. थांबा, असं मला म्हणायचं होतं.

"झालं!" भाऊजी दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले. "आशीर्वाद मिळाला."

सूर्य दिसेपर्यंत मी तशीच उभी राहिले. अर्घ्य देऊन मी आत गेले तेव्हा मगदूमांनी नारळ ठेवला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलीचा बाप. त्यांच्यादेखत मला काही बोलवेना. ते गेल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, तो रविवार भोऱ्यांचा आहे."

"कसला? त्यांचा सण झाला की काल! झावळ्या घेऊन नाचले नाहीत का?"

"तो नव्हे. येणारा मोठा."

भाऊजींनी मगदूमांचा नारळ उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "आता शब्द गेला. निरोप देतो त्यांना. एक रविवार मागंपुढं झाला तर त्यांचं काय बिघडतंय?"

त्या आठवड्यात निरोप गेला की नाही, गेला तर कुणाच्या हाती गेला, हे मला आजही माहीत नाही. मला वाटलं होतं, गेला असेल. शनिवारी हळद झाली, नवऱ्याकडचं वऱ्हाड आलं, आणि रविवारी पहाटे मी तांब्या घेऊन अंगणात आले तर गेटापाशी ही माणसं.

"संमती आहे," असं भाऊजी म्हणाले आणि भोऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याचं म्हणणं खरं मानून घ्यावं, तसं पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली.

"ठीक हाय," ते म्हणाले. "वैनींची अडचण आसंल."

ते मागे गेले आणि मोटारीपाशी समुद्रेसाहेबांशी बोलू लागले. साहेबांचा आवाज खालचाच होता, पण त्या शांततेत स्पष्ट ऐकू आला.

"भोरे, मी तुम्हाला मागेच म्हणालो होतो. घाई करू नका. दुसऱ्याच्या सवडीवर मंडळी उभी राहत नाही. माणसं घेऊन परत मोठ्या मंडळीत या. मीच सांगतो त्यांना."

"म्हातारी माणसं येऊ शकत न्हाईत साहेब तितक्या लांब."

"मग घरी प्रार्थना करतील."

मार्थाबाई सगळ्यांत पुढे, अगदी गजांना टेकून उभी होती. तिने साहेबांचं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, आणि ओठावर बोट ठेवलं. तुमी गप बसा, तुमचं व्रत हाय, अशी खूण केली. मग पदर सावरून ती परत फिरली. तिच्या मागे बाकीच्या बायकाही फिरल्या.

भाऊजी सुस्कारा टाकून माझ्याकडे आले. "सुटलो बाई! तुम्ही अर्घ्य द्या. मी आचाऱ्यांना उठवतो."

पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. सूर्य यायला वेळ होता. मला एवढंच कळत होतं की सूर्य वर येईपर्यंत रस्ता रिकामा झालेला असेल, आणि मग मी काहीही बोलले तरी ते ऐकायला कुणी नसेल.

मी तांब्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, गेटापाशी गेले आणि कडी काढली. लोखंडी कडी, ती करकरली. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"या," मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. पहाटेच्या वेळी तो किती वर्षांत मी ऐकलेलाच नव्हता.

"वहिनी!" भाऊजी धावत आले. "वहिनी, अहो मौन! लग्न आहे आज! दुसऱ्याची पोर आहे!" त्यांचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता. ते ढोंग करत नव्हते. आमच्या घरात माझ्या मौनावर सगळ्यांत जास्त श्रद्धा त्यांचीच होती. "आणि यांना बसवणार कुठं? हॉलमध्ये गाद्या पसरल्यात."

"गच्चीवर."

"गच्चीचा जिना तुमच्या घरातून आहे. देवघरापुढून."

"मला माहीत आहे भाऊजी. मीच राहते तिथं."

तोंड उघडलंच होतं. आता एक शब्द काय आणि चार काय.

ते सगळे माझ्या घरातून वर गेले. कुणी आवाज केला नाही. मागच्या दाराशी चपलांचा ढीग झाला. समुद्रेसाहेबांच्या बुटांच्या नाड्या सुटेनात. ते पायरीवर बसून गाठीशी झटत होते आणि त्यांच्यामागे अख्खी रांग खोळंबली होती. शेवटी मार्थाबाई खाली बसली आणि तिने दाताने गाठ सोडवली. "साहेब, आमच्या मंडळीत नाडीचं बूट घालून येऊ नगा," ती कुजबुजली. "हितं दर आइतवारी काढाय लागत्यात." साहेबांनी बूट काढून चपलांच्या ढिगात ठेवले.

देवघरात समई तेवत होती. प्रत्येकजण तिथून जाताना जरा अंग चोरून, भिंतीला लागून गेला, आपल्या वाऱ्याने ती विझू नये म्हणून. भोरे सगळ्यांत शेवटी आले. समईपाशी थांबले. "वैनी," त्यांनी विचारलं, "काडेपेटी आहे का? गडबडीत घरीच राहिली."

मी देवापुढची काडेपेटी दिली.

वर जाऊन त्यांनी एक मेणबत्ती पेटवली, आणि एकीवरून दुसरी अशी सगळी गच्ची उजळली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. भोरे पूर्वेकडे तोंड करून म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे एकदम म्हणाले, "खरोखर उठला आहे!" एवढा वेळ दाबून ठेवलेला तो आवाज होता, शेजारच्या घरांवरची कबुतरं उडाली. मग पेटी सुरू झाली, टाळ वाजू लागले, आणि बायकांनी ओवीच्या चालीवर गाणं धरलं. पहाटे कबरीपाशी गेलेल्या बायकांचं. धोंड कोण लोटील गं बाई, असं त्या एकमेकींना विचारत होत्या.

खाली हॉलमध्ये हालचाल सुरू झाली तशी मी कठड्यावरून डोकावले. आप्पासाहेब मगदूम डोळे चोळत अंगणात आले. भाऊजी त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

"कुणाची भूपाळी ही?" मगदूमांनी विचारलं.

"ते... ख्रिस्ती लोक आहेत. गच्चीवर. त्यांचा सण आहे. मी आता..."

"छान लागलीय की," मगदूम म्हणाले. "आमचा चौघडेवाला झोपलाय बघा अजून. म्हटलं, लग्नघर आणि मुकं?" मग वर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, त्यांना म्हणावं, अक्षता टाकल्याशिवाय जायचं नाही."

सूर्य वर आला. मी खाली येऊन अर्घ्य दिलं. बोललेल्या तोंडाने दिलं. पुन्हा वर गेले तेव्हा त्यांची उपासना संपत आली होती. समुद्रेसाहेब कठड्यापाशी अनवाणी उभे राहून लांब पन्हाळ्याकडे पाहत होते. मला बघून ते पुढे आले.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. आज तुम्ही जागा दिलीत. पुढच्या रविवारी कुणाचं लग्न निघालं तर?"

भोरे काही बोलणार होते. मी त्यांना थांबवलं.

"हॉल भाऊजींकडे आहे," मी म्हटलं. "त्याचं ते बघतील. ही गच्ची माझ्या घराची आहे. गच्चीला मुहूर्त नसतो."

"पावसाळ्यात?"

"ताडपत्री घालू. मंगल कार्यालय आहे साहेब, मांडव घालता येतो आम्हाला."

साहेबांनी डोक्यावर हात फिरवला. ते हसले आणि भोऱ्यांकडे वळले. "सगळ्यांना बसायला सांगा पुन्हा. एक प्रार्थना राहिली." त्या प्रार्थनेत त्यांनी त्या माणसांना मंडळी म्हटलं. भोऱ्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि ते सगळ्यांच्या मागे जाऊन गुडघे टेकून बसले.

माझं मात्र ओझं उतरलं नव्हतं. लग्न लागायचं होतं. खाली पौरोहित्याला गोविंदशास्त्री आले होते. सुपाऱ्या मांडत होते. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"शास्त्रीबुवा, माझं मौन मोडलं आज. मुद्दाम मोडलं. प्रायश्चित्त सांगा. मुलीला काही बाधायला नको."

त्यांनी वर न बघता विचारलं, "काय बोललात?"

"'या' म्हटलं. दारात माणसं उभी होती."

"सासूबाईंनी व्रत देताना काय सांगितलं होतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला सासूबाईंचा तो अशक्त आवाज आठवला. "सांगितलं होतं की, या वास्तूत लोकांच्या लेकींची लग्नं लागतात. दिवस उजाडताना घरातल्या बाईच्या तोंडून कुणाला वाकडा शब्द जाऊ नये. म्हणून गप्प राहायचं."

"मग?" शास्त्रीबुवांनी आता वर पाहिलं. "'या' यात वाकडं काय आहे? उद्या पुन्हा धरा. एक सुपारी कमी पडतेय, ती तेवढी आणा."

मी सुपारी आणायला गेले. कोठीत जाऊन दार लोटून थोडा वेळ उभी राहिले, आणि मग सुपारी घेऊन आले.

लग्न लागलं. मी दारामागून बघत होते. अंतरपाट खाली येईपर्यंत तिथून हलले नाही. मार्थाबाई वऱ्हाडाच्या ऐन मधोमध घुसून जोरजोरात अक्षता टाकत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "टाकतीया आज हौसंनं. आमच्याच गुडघ्यास्नी टोचायच्या हैत!" मग तिच्या ध्यानात आलं. "आगं बया, आता न्हाई की! आता आमी गच्चीवर!" आणि उरलेल्या सगळ्या तिने एकदम उधळल्या. भाऊजी त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यांनी कठडा हलवून बघितला, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून तो पक्का करून घेतला. लहान पोरं येणार, म्हणाले. त्यानंतर सकाळच्या वेळी त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. सूर्य वर आला की मागच्या दारात येऊन बसायचे.

मंडळी बरीच वर्षं आमच्या गच्चीवर भरली. मग त्यांनी रिंगरोडच्या बाजूला जागा घेऊन स्वतःचं चर्च बांधलं. आता भोरे नाहीत, मार्थाबाई नाही, भाऊजीही नाहीत. कार्यालय पुतण्याने विकलं. मी थोरल्या भाचीकडे राहते. माझं मौन अजून आहे. चैत्राची पौर्णिमा जवळ आली की मी पंचांग आणि त्यांचं कॅलेंडर दोन्ही शेजारी ठेवून बघते. त्यांचाही सण चंद्रावर चालतो, हे भोऱ्यांनीच मला नंतर समजावलं होतं.

गेल्या वर्षी भाचीने मला पहाटे गाडीतून तिथे सोडलं. मी अशी अधूनमधून जाते. माझे ओळखीचे आता तिथे फारसे उरलेले नाहीत. अंधारात चर्चपुढच्या पटांगणात गर्दी उभी होती. पुष्कळ माणसं, नवी पोरं, मोटारी. सगळ्यांच्या हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या. मोठा दरवाजा बंद. आणि कुणीही अवाक्षर बोलत नव्हतं. पोरं रडायला लागली की आया त्यांना थोपटत होत्या.

माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी उभी होती. मी नवखी आहे असं तिला वाटलं असावं. तिने माझ्या हातात आपली जास्तीची मेणबत्ती दिली आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आजी, आता बोलायचं नाही हं. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. दार बंद करून सगळे बाहेर गप्प उभे राहतात. मग मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई आतून कडी काढते आणि एकच शब्द बोलते. तोवर मेणबत्ती पेटवायची नाही."

मी मान हलवली.

"फार जुनी पद्धत आहे," ती म्हणाली. "मिशनरी लोकांच्या काळापासूनची. बायबलमध्येच असेल कुठेतरी."

सूर्य यायला अजून वेळ होता. मी तिच्याकडे बघून हसले, आणि तिने दाखवली तशी मेणबत्ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

आत कडी करकरली.